संमती आणि सहभाग : जुन्या चाळवसाहतींच्या पुनर्रचनेतील रहिवाशांचे स्थान

इमारत जीर्ण होते ती केवळ ऊन-पावसाने नव्हे. तिच्या दुरुस्तीचा भार कोणी वाहावयाचा हे अनिर्णित राहिले म्हणजे तिचे आयुष्य खऱ्या अर्थाने सरू लागते. भिंतीस ओल येते, सळई गंजते, सज्जा कलतो. परंतु ही सर्व लक्षणे होत. त्यांच्या मुळाशी मालक, भाडेकरू आणि शासन यांच्यातील बिघडलेला संबंध असतो. म्हणून जुन्या वसाहतीची पुनर्रचना हा जितका स्थापत्याचा प्रश्न आहे, तितकाच किंबहुना त्याहून अधिक तो समाजशास्त्राचा व नागरी अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा करताना ‘रहिवाशांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग आता सर्रास योजला जातो. कायद्यात मात्र सहभाग हा शब्द क्वचितच आढळतो; तेथे आढळतो तो ‘संमती’ हा शब्द. या दोन कल्पना एकच आहेत काय? नसल्यास त्यांतील भेद कोणता? आणि तो भेद व्यवहारात कोठे प्रत्ययास येतो? या तीन प्रश्नांचे विवेचन मुंबईतील बी. डी. डी. चाळींच्या उदाहरणाने येथे करावयाचे आहे.

हे उदाहरण सातारा-सांगलीकडील अभ्यासकास परके वाटू नये. जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण आणि खटाव हे तालुके पर्जन्यछायेतील. म्हसवडसारख्या गावाच्या भोवतालची शेती पावसाच्या लहरीवर चाललेली; त्यामुळे घरातील एक कर्ता पुरुष मुंबईस आणि उरलेले कुटुंब गावी, ही व्यवस्था या भागात अनेक पिढ्या रूढ होती. मुंबईच्या गिरण्यांना, गोदीला आणि माथाडी कामाला मनुष्यबळ पुरविणाऱ्या प्रदेशांत कोकणाच्या जोडीने सातारा जिल्ह्याचे नाव घ्यावे लागते. गिरणगावातील खोलीचे भवितव्य आणि देशावरील घराचे भवितव्य ही अशा रीतीने एकमेकांत गुंतलेली आहेत.

१. न विचारता बांधलेली वसाहत

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरांची टंचाई तीव्र झाली. तिच्या निवारणार्थ गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निर्माण करण्यात आले. कामगारांसाठी ६२५ चाळींतून एक-एक खोलीची ५०,००० बिऱ्हाडे उभी करावयाची, अशी या खात्याची मूळ योजना होती. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गठ्ठ्यामागे एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात २०७ चाळी बांधून योजना थांबली. त्यांपैकी १२१ वरळीस, ४२ नायगावास, ३२ डिलाईल रोडवर म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, आणि १२ शिवडीस आहेत.

रचना सर्वत्र एकाच साच्याची होती. तळमजला व वर तीन मजले. मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या. एका चाळीत एकूण ८० खोल्या. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. शौचकूप व पाण्याची जागा मजल्यावर सामाईक. बांधकाम काँक्रीटचे, म्हणजे त्या काळाच्या मानाने आधुनिक होते.

तथापि ज्यांच्यासाठी हे सर्व बांधले ते प्रारंभी तेथे राहावयास आलेच नाहीत. वरळी तेव्हा गिरण्यांपासून व बाजारापासून दूर होती, आणि भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. हजारो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा उपयोग सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून केला, ही घटना पुरेशी बोलकी आहे. खोल्यांची संख्या, क्षेत्रफळ आणि खर्च यांचा हिशेब खात्याने केला होता. परंतु कामगार कोठे राहू इच्छितो, कोणाच्या शेजारी राहू इच्छितो आणि किती भाडे देऊ शकतो, हे त्यास विचारले नव्हते. वसाहतीच्या इतिहासाचा आरंभ असा एका अभावाने झाला.

पुढे शहर वाढत वाढत वरळीपर्यंत आले आणि खोल्या भरल्या. त्यानंतर रहिवाशांनी या साचेबंद रचनेस जो अर्थ दिला तो आराखड्यात कोठेच नव्हता. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, त्यांना जेवू घालणारी खानावळ, मधल्या बोळात चालणारी निवडण-टिपण, सणावारांची देवाणघेवाण, व्यायामशाळा, भजनी मंडळ, सार्वजनिक गणेशोत्सव, बुद्धविहार, कबड्डीचे संघ आणि या सर्वांस सामावून घेणारी चाळ समिती अशी एक पूर्ण सामाजिक संस्था तेथे आकारास आली. १६० चौरस फुटांत माणसे राहू शकली, कारण ती केवळ १६० चौरस फुटांत राहत नव्हती. बोळ हा घराचा सोपा होता आणि पटांगण हे अंगण होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. रोजगार गेला, खोली मात्र राहिली. अनेक कुटुंबांजवळ मुंबईत टिकून राहण्याचे तेवढेच साधन उरले. पुनर्विकासाच्या प्रश्नास या वसाहतीत जी तीव्रता प्राप्त झाली तिचे कारण येथे शोधावे लागते.

२. संमतीचा कायदा

बी. डी. डी. चाळींकडे वळण्यापूर्वी मुंबईतील खाजगी मालकीच्या जुन्या इमारतींविषयी कायदा कसा विकसित झाला हे पाहणे अवश्य आहे; कारण ‘संमती’ ही कल्पना त्यातूनच रूढ झाली.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूस संरक्षण मिळाले. परंतु भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती करणे मालकास परवडेनासे झाले, आणि हळूहळू त्याचे हितही इमारत टिकण्यापेक्षा ती पडण्यात गुंतले. १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून शासनाने हा भार आपल्याकडे घेतला. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची संख्या त्या वेळी १९,६४२ होती. पुढे १९७६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या म्हाडाकडे हे काम आले. परंतु दुरुस्तीची गरज निधीच्या मानाने सतत मोठीच राहिली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने निराळा मार्ग काढला. जुनी इमारत पाडून तेथील भाडेकरूंस विनामूल्य घरे द्यावयाची, आणि त्याच्या मोबदल्यात विकासकास वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक द्यावयाचा. वाढीव क्षेत्र विकून त्याने खर्च व नफा भागवावयाचा. शासनाच्या तिजोरीतून काही खर्च न होता घर मिळावे, अशी ही योजना होय. हा निधी प्रत्यक्षात जमिनीच्या भावातून येत होता. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचे अर्थकारणही याच तत्त्वावर उभे आहे.

या योजनेच्या आरंभी कायद्याने एक अट घातली. भाडेकरूंपैकी ७० टक्क्यांची लेखी संमती असल्याखेरीज विकासकास पुढे जाता येणार नाही, ही ती अट होय. पुढे हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणण्यात आले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीतही असेच घडले. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली जानेवारी २००९ मध्ये काढलेल्या निर्देशांत तीन-चतुर्थांशाची अट होती. जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशांत ती ५१ टक्के झाली. याच निर्देशांनी विकासक निवडण्याच्या सभेस निबंधकाच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण आवश्यक केले, हेही नमूद केले पाहिजे. थोड्या सभासदांच्या हट्टापायी सर्वांचे घर रखडू नये, हा टक्केवारी उतरविण्यामागील युक्तिवाद निराधार नाही. तथापि त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. कारण मूळ प्रश्न किती जणांस विचारले हा नसून काय विचारले हा आहे.

संमतीपत्र रहिवाशास एकच प्रश्न विचारते : ही योजना मान्य आहे की नाही? तो प्रश्न विचारला जातो तेव्हा आराखडा बहुधा ठरलेला असतो आणि हिशेब रहिवाशाने पाहिलेला नसतो. शिवाय हे संमतीपत्र बहुतेक वेळा अपरिवर्तनीय असते. म्हणजे ज्या क्षणी रहिवासी आपला अधिकार वापरतो त्याच क्षणी तो अधिकार संपतो.

अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी कल्पिली. तळाशी निव्वळ दिखावा, मध्यावर माहिती देणे व मत विचारणे, आणि वरच्या टोकास भागीदारी व नागरिकांचे नियंत्रण अशी तिची चढण आहे. आपल्याकडील संमती या शिडीवर कोठेच नीट बसत नाही. नकाराचा अधिकार म्हणून पाहिल्यास ती वरच्या पायरीवर आहे. माहितीच्या दृष्टीने पाहिल्यास अगदी खालच्या. अधिकार मोठा, ज्ञान अल्प आणि मुदत एका सहीपुरती, असे तिचे स्वरूप आहे. सहभाग ही निराळी गोष्ट होय. ज्या वेळी निर्णय अद्याप उघडे असतात त्या वेळी, आवश्यक माहितीसह, रहिवाशास त्यांवर प्रभाव पाडता येणे, असा तिचा अर्थ करावा लागेल.

३. संमती वगळली असता काय घडले

बी. डी. डी. चाळी शासनाच्या मालकीच्या. त्यामुळे येथे प्रश्न निराळ्या रीतीने उपस्थित झाला. २०१६ साली शासनाने म्हाडाकडे पुनर्विकासाचे काम सोपविले आणि या चाळींकरिता विकास नियंत्रण नियमावलीत स्वतंत्र तरतूद केली. मालक व योजनाकर्ता दोन्ही शासकीय असल्यामुळे रहिवाशांच्या संमतीची अट या तरतुदीत ठेवण्यात आली नाही. शिवडीच्या चाळी गोदी विश्वस्त मंडळाच्या जमिनीवर असल्याने त्या या योजनेबाहेर राहिल्या. उरलेल्या १९५ चाळींतील १५,५९३ भाडेकरू योजनेत आले : वरळीचे ९,६८९, नायगावचे ३,३४४ आणि ना. म. जोशी मार्गावरील २,५६०. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची मालकी हक्काची सदनिका विनामूल्य देण्याचे शासनाने जाहीर केले. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले.

योजना देकार म्हणून उदार होती. मुंबईतील खाजगी विकासकांच्या योजनांशी तुलना करता क्षेत्रफळ अधिक होते, आणि बांधकाम अर्धवट टाकून विकासक निघून जाण्याची भीती शासनाच्या हमीमुळे कमी होती. असे असूनही खोल्या रिकाम्या होईनात. सर्वेक्षणास विरोध झाला, सभा व मोर्चे निघाले. वरळीतील बांधकामाच्या शुभारंभाचा समारंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे भूमिपूजनानंतर चार वर्षांहून अधिक काळाने झाला. पहिल्या ५५६ सदनिकांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आल्या.

या विलंबाचे कारण केवळ अडेलपणा असे मानणे हे निरीक्षणास धरून होणार नाही. रहिवाशांच्या मागण्यांचे स्वरूप पाहिले असता त्यांत पुनर्विकास नको अशी मागणी प्रमुख नव्हती, असे दिसते. मागण्या होत्या त्या पुढीलप्रमाणे : खोली सोडण्यापूर्वी नोंदणीकृत करार व्हावा, पात्र-अपात्रतेचे निकष आधी स्पष्ट व्हावेत, आपली सदनिका कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर हे आधी कळावे, तात्पुरत्या निवाऱ्याची खात्री असावी, आणि उंच इमारतीच्या देखभालीचा खर्च कसा भागवावयाचा हे सांगावे. यांपैकी बहुतेक मागण्या पुढे कमी-अधिक प्रमाणात मान्य करण्यात आल्या. इमारत उभी राहण्यापूर्वीच संगणकीय सोडत काढून सदनिका निश्चित करण्यात येऊ लागल्या. करारनामे होऊ लागले. संक्रमण शिबिरातील गाळ्याऐवजी दरमहा २५,००० रुपये भाडे घेण्याचा पर्याय देण्यात आला. आणि देखभालीचा भार बारा वर्षे म्हाडाने वाहावा असे ठरले.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. संमतीची अट नियमातून काढून टाकता येते; परंतु जिवंत वसाहतीत संमतीची गरज त्यामुळे नाहीशी होत नाही. नियमाच्या दारातून घालविलेली संमती वाटाघाटीच्या खिडकीतून परत येते. फरक इतकाच की तोवर काही वर्षे खर्ची पडलेली असतात आणि परस्परांविषयीचा विश्वास उणावलेला असतो. २०१७ पूर्वीच हे प्रश्न रहिवाशांबरोबर बसून सोडविले असते, तर ती वर्षे वाचली असती असे म्हणावयास जागा आहे.

४. सहभागाचे चार प्रश्न

बी. डी. डी. चाळींच्या अनुभवावरून सहभागाचे चार प्रश्न वेगळे काढता येतात. त्यांपैकी ज्या प्रश्नांवर रहिवाशांचा प्रभाव पडतो तेवढाच सहभाग, उरलेली औपचारिकता.

पहिला प्रश्न : रहिवासी कोण? वरकरणी सोपा दिसणारा हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. भाडेपावतीवर एकाचे नाव असते. खोलीत दुसरा भाऊ राहतो. तिसऱ्याने पैसे देऊन खोली घेतलेली असते, परंतु कागद जुन्या नावाचाच असतो. बी. डी. डी. चाळींत भाडेहक्काची अशी हस्तांतरणे नियमित करण्याची मुदत शासनास एकाहून अधिक वेळा पुढे न्यावी लागली, ती याच कारणाने. गावी राहिलेल्या भावाचा या खोलीत नैतिक हिस्सा असतो. त्याने कधीकाळी जमिनीच्या उत्पन्नातून मुंबईच्या बिऱ्हाडास धान्य पुरविलेले असते. कायद्यास हा हिस्सा दिसत नाही, कुटुंबास दिसतो. खोलीचे रूपांतर मूल्यवान सदनिकेत होताच तो उघड होतो. स्त्रियांची स्थितीही अशीच आहे. दिवसाचे सर्व तास खोलीत व बोळात घालविणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते. पावतीवर मात्र तिचे नाव पती निवर्तल्यानंतरच येते. भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या स्त्रियांच्या ‘महिला मिलन’ या संघटनेने १९८० नंतरच्या दशकात आपल्या वस्तीची गणना स्वतः केली आणि घराच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभारून घर कसे असावे हे ठरविले. गणना करणारा जो, तो ‘रहिवासी’ या शब्दाची व्याख्या करतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

दुसरा प्रश्न : काय बांधावयाचे? येथे पुण्याच्या येरवड्यातील प्रयोगाचा विचार उद्बोधक ठरतो. केंद्र शासनाच्या नागरी गरिबांच्या मूलभूत सेवांच्या योजनेखाली २००९ च्या सुमारास येरवड्यातील काही वस्त्यांत जागच्या जागी पुनर्रचना सुरू झाली. संपूर्ण वस्ती पाडण्यात आली नाही. पक्की घरे तशीच ठेवून केवळ कच्ची घरे नव्याने बांधण्यात आली. घर सुमारे २७० चौरस फुटांचे. खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा कुटुंबाचा. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, ‘स्पार्क’ ही संस्था आणि महिला मिलन यांनी घराचे निरनिराळे नमुने कुटुंबांपुढे ठेवले. दोन-तीन शेजाऱ्यांनी आपले तुकडे एकत्र करून सामाईक भिंतीची घरे बांधावीत काय, हेही त्यांनीच ठरवावयाचे होते. वस्तीच्या गल्ल्या जेथे होत्या तेथेच राहिल्या.

वरळीत याच्या उलट ४० मजल्यांचे मनोरे उभे राहिले, आणि मजल्यांची संख्या हा चर्चेचा विषय होऊ शकला नाही. कारण विक्रीसाठी मोकळी ठेवावयाची जमीन जितकी अधिक तितके पुनर्वसनाचे मनोरे दाट व उंच, हे गणित आधीच मांडले गेले होते. नगररचनाकार शिरीष पटेल यांनी या घनतेविरुद्ध, उजेड-वाऱ्याच्या व मोकळ्या जागेच्या दृष्टीने, आक्षेप घेतले होते. येरवडा आणि वरळी यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. जमिनीची किंमत, लोकसंख्या व इमारतींची अवस्था ही भिन्न आहेत. तथापि आराखड्याचे अर्थकारण उघड केल्याखेरीज आराखड्याविषयी मत विचारणे निरर्थक ठरते, हा धडा दोहोंस समान आहे. चाळीचा बोळ नव्या घरात कोठे गेला, हे कोणीही विचारावयास हवे होते असा प्रश्न आहे; तो विचारण्याची वेळ आराखड्यापूर्वीची असते, सोडतीनंतरची नव्हे.

तिसरा प्रश्न : मधला काळ कोठे घालवावयाचा? उपकरप्राप्त इमारतींतील अनेक भाडेकरू संक्रमण शिबिरांत काही वर्षांसाठी म्हणून गेले आणि त्यांच्या दोन-दोन पिढ्या तेथे गेल्या. हा अनुभव मुंबईतील प्रत्येक चाळीस ठाऊक आहे. खोली रिकामी करण्याविषयीचा संशय त्यातून जन्मतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या बायकर वसाहतीचे उदाहरण या संदर्भात सावधगिरीचे आहे. वास्तुशिल्पज्ञ राल्फ अर्स्किन यांनी १९६८ नंतर तेथे काम घेतले, वस्तीतील एका जुन्या दुकानातच आपली कचेरी थाटली, ४६ कुटुंबांच्या एका प्रायोगिक गटाबरोबर प्रथम काम केले आणि रहिवाशांशी नित्य संवाद ठेवला. सहभागाचा आदर्श म्हणून या कामाची जगभर ख्याती झाली. तथापि पाडकाम आणि बांधकाम यांच्यामधील दीर्घ काळात बहुसंख्य मूळ रहिवासी अन्यत्र पांगले. नव्या वसाहतीत त्यांच्यापैकी एक-पंचमांशाहूनही कमी लोक परतले. आराखड्यात सहभाग असून वेळापत्रकात नसेल, तर घरे नव्या लोकांच्या वाट्यास येतात, असा याचा अर्थ.

याउलट फ्रान्समधील बोर्दो येथे २०१७ साली पूर्ण झालेल्या कामात लाकातों आणि वासाल या वास्तुशिल्पज्ञांनी अन्य सहकाऱ्यांसह ५३० सदनिकांच्या तीन जुन्या इमारती न पाडता, रहिवासी आत राहत असतानाच, बाहेरून नवे सज्जे जोडून विस्तारल्या. दुरुस्ती व विस्तार हा पर्याय प्रत्येक जीर्ण इमारतीस लागू पडत नाही. परंतु आपल्याकडे तो तपासलाही जात नाही, याचे कारण स्थापत्यात नसून दुरुस्तीतून विक्रीयोग्य क्षेत्र निर्माण होत नाही यात आहे.

चौथा प्रश्न : पुढे काय? चाळीच्या देखभालीस जिना झाडणे, टाकी धुणे आणि वर्षाकाठी थोडी डागडुजी पुरत असे. ४० मजली मनोऱ्यास लिफ्ट, पाणी वर चढविणारे पंप, आगप्रतिबंधक यंत्रणा आणि अहोरात्र वीज लागते. हा खर्च इमारतीच्या उंचीवर ठरतो; रहिवाशाच्या मिळकतीवर ठरत नाही. विनामूल्य मिळालेले घर या मासिक खर्चामुळे न परवडणारे होऊ शकते. मग ते भाड्याने देऊन किंवा विकून कुटुंब शहराच्या कडेस जाते. अशा विस्थापनाची नोंद कोणत्याही यादीत होत नाही, कारण कोणी कोणास बाहेर काढलेले नसते. बारा वर्षांची तरतूद हा या धोक्यावरील मोलाचा उपाय आहे. पण तेराव्या वर्षी हिशेब कोण सांभाळणार, हे त्या बारा वर्षांतच ठरले पाहिजे. जुन्या चाळ समितीने उत्सवाची वर्गणी, पाण्याची पाळी आणि भांडणाचा निवाडा ही कामे पिढ्यान्‌पिढ्या केली. तिच्याजवळ हिशेबाची शिस्त व माणसांची ओळख होती. नव्या सहकारी संस्थेत ही शक्ती उतरली तर मनोरा टिकेल. तसे व्हावयाचे तर शेजारी शेजारीच राहिले पाहिजेत. सोडतीने सदनिका निष्पक्षपणे वाटली जाते हे खरे. परंतु एका बोळातील वीस कुटुंबांची एकत्र सोडत काढावयाची की प्रत्येकाची सुटी, हा निर्णय लहान दिसला तरी संस्थेच्या पुढील आयुष्यावर त्याचा परिणाम होतो.

५. निष्कर्ष

वरील विवेचनातून संमती व सहभाग यांतील भेद स्पष्ट व्हावा. संमती एका दिवशी घेता येते, टक्क्यांत मोजता येते आणि कायद्याने आवश्यक किंवा अनावश्यक ठरविता येते. सहभागास गणना, आराखडा, स्थलांतर आणि देखभाल हे चार टप्पे असतात. त्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावरील सहभाग दुसऱ्याची उणीव भरून काढीत नाही. बायकरला आराखड्यात सहभाग होता, स्थलांतरात नव्हता. वरळीस स्थलांतराच्या अटींत तो झगडून मिळाला, आराखड्यात मिळाला नाही. सहभागामुळे काम लांबते हा आक्षेप नेहमी घेतला जातो. बी. डी. डी. चाळींचा अनुभव सांगतो की आरंभी न दिलेला वेळ पुढे व्याजासह द्यावा लागतो.

हा विषय मुंबईपुरता मर्यादित नाही. म्हसवडसारख्या नगरपालिकेच्या गावांतही जुन्या गावठाणातील धाब्याची घरे व वाडे आता जीर्ण झाले आहेत. एका वाड्याचे अनेक हिस्सेदार, त्यांतील निम्मे मुंबई-पुण्यास. भिंत सामाईक, उतारा एकत्र, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हे अनिर्णित. येथे जमिनीस मुंबईचा भाव नाही, म्हणून विकासकही नाही. वाढीव क्षेत्र विकून खर्च भागविण्याचा मार्ग आपोआपच बंद आहे. हिस्सेदारांनी एकत्र बसून कोण, काय, केव्हा आणि पुढे काय हे चार प्रश्न सोडविणे, एवढाच मार्ग उरतो. मुंबईच्या खोलीत मुंबईकर भावाचे नाव आणि गावच्या वाड्यात गावकरी भावाचा राबता, अशी स्थिती असलेल्या कुटुंबांत तर ही दोन्ही घरे एकाच वेळी वाटणीस निघतात. या दुहेरी प्रश्नाचा क्षेत्रीय अभ्यास व्हावयास हवा. एकाच कुटुंबाची मुंबईतील सदनिका व गावठाणातील घर ही दोन्ही टोके धरून केलेली पाहणी, रहिवासी म्हणजे कोण या पहिल्या प्रश्नावर जो प्रकाश टाकील, तो केवळ शहरात किंवा केवळ गावात केलेल्या पाहणीतून मिळणार नाही.